शिफ्ट-२ दाबलं की @ ऐवजी " येतंय : विंडोज, मॅक, उबुंटूवर लेआउट कायमचा कसा बसवायचा?

खटखट_१०४

कीबोर्ड एकच आहे. यूएस छपाई, एंटरचं बटण आडवं, साधा यूएसबी. तो गरजेप्रमाणे तीन मशीनना जोडला जातो आणि तिन्हीकडे वेगवेगळं दुखणं आहे.

विंडोज ११ : भाषांच्या यादीत फक्त यूएस ठेवलाय, तरी टास्कबारवर मधूनच इंग्लिश यूके उगवतो आणि शिफ्ट-२ ला " यायला लागतं. साइन-इनच्या पडद्यावर तर कायम यूकेच. पासवर्डात @ असल्यामुळे तो पहिल्या फटक्यात कधीच स्वीकारला जात नाही.

मॅकबुक, व्हेंचुरा : १ च्या डावीकडचं ` बटण दाबलं की § येतं. कमांड आणि ऑप्शन यांचीही अदलाबदल झाली आहे.

उबुंटू २४.०४ : टर्मिनलमध्ये सेटएक्सकेबीमॅप चालवून यूएस लावला तर काही खिडक्यांत लागतो, काहींत नाही, आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा ब्रिटिश. डिस्क एन्क्रिप्टेड आहे. बूट होताना पासफ्रेज विचारतात तिथेही ब्रिटिशच.

शिवाय या विंडोजवरून दुसऱ्या एका विंडोज मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जावं लागतं. त्या मशीनच्या यादीत यूके नाही, तरी तिथेही तोच प्रकार. कीबोर्डच बिघडलाय का? आणि तिन्हीकडे इंग्रजीसोबत मराठीही हवी आहे.

अर्धविराम

कीबोर्ड टाकू नका, त्याचा काही दोष नाही. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. अमुक जागेवरचं बटण दाबलं, एवढा क्रमांक तो पाठवतो, त्या जागेला @ म्हणायचं की " हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. यूएसबीच्या एचआयडी मानकात कीबोर्डने आपला देश कळवायची सोय आहे, पण बहुतेक कीबोर्ड तिथे शून्य भरून मोकळे होतात. बटणांवर काय छापलंय ते संगणकाला कळायला मार्गच नाही.

आधी कुठला लेआउट (कुठल्या बटणाला कुठलं चिन्ह, याचा नकाशा) चालू आहे ते ओळखा. शिफ्ट-२, शिफ्ट-३ आणि एंटरच्या शेजारचं अवतरणचिन्हाचं बटण शिफ्टसह, असं ओळीने दाबा. @ # " आलं तर यूएस. " £ @ आलं तर यूके. अवतरणचिन्ह लगेच न उमटता पुढचं बटण दाबल्यावर उमटलं, किंवा पुढच्या स्वराच्या डोक्यावर जाऊन बसलं, तर यूएस-इंटरनॅशनल (तिथे चिन्हानंतर स्पेस दाबली की सुटं चिन्ह मिळतं). वाय आणि झेड उलटे आले तर जर्मन, ए आणि क्यू उलटे आले तर फ्रेंच. ही चाचणी कुठल्याही मशीनवर चालते.

आता तुमचं विंडोज. इथे भाषा वेगळी आणि तिच्याखालचा कीबोर्ड वेगळा, हे लक्षात घेतलं की अर्धा गोंधळ मिटतो. इंग्लिश यूके या भाषेखाली यूएस लेआउट असू शकतो आणि उलटही.

१. सेटिंग्ज › टाइम अँड लँग्वेज › लँग्वेज अँड रिजन. प्रत्येक भाषेपुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्स उघडा आणि खाली कीबोर्ड्समध्ये काय काय आहे ते बघा. नको असलेल्यापुढच्या तीन टिंबांतून रिमूव्ह. भाषेखाली एकच कीबोर्ड उरला असेल तर रिमूव्ह करता येत नाही. आधी हवा तो जोडा, मग नको तो काढा.

२. यादीत नसलेला लेआउट टास्कबारवर दिसतोय, म्हणजे तो भुताटकीचा प्रकार. उपाय विचित्र वाटेल, पण लागू पडतो : इंग्लिश (युनायटेड किंगडम) ही भाषा मुद्दाम यादीत घाला, मिनिटभर थांबा, मग काढून टाका. काढताना आतली अर्धवट नोंदही सहसा साफ होते.

३. साइन-इनच्या पडद्याची सेटिंग स्वतंत्र असते, तुमच्या खात्यात कितीही बदल केले तरी तिकडे पोचत नाहीत. लँग्वेज अँड रिजनच्या पानावर खाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज आहे. तिथून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवरचं कॉपी सेटिंग्ज दाबा. खिडकीत करंट यूजर, वेलकम स्क्रीन आणि न्यू यूजर अकाउंट्स असे तीन रकाने दिसतील. वेलकम स्क्रीनच्या रकान्यात इनपुट लँग्वेज म्हणून यूके लिहिलेलं असणार. खालच्या दोन्ही चौकोनांत खूण करून ओके, मग रीस्टार्ट. प्रशासकाचे अधिकार लागतात.

हे होईपर्यंत पासवर्ड टाकताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली लेआउटचं चिन्ह असतं, तिथून बदलता येतो. नाहीतर यूकेत @ हे शिफ्ट आणि अवतरणचिन्हाच्या बटणावर आहे, तिथलं दाबा.

४. एकाच मायक्रोसॉफ्ट खात्याने दुसऱ्या मशीनवरही साइन-इन असाल तर भाषांची यादी तिकडून परत येऊ शकते. अकाउंट्स › विंडोज बॅकअप › रिमेंबर माय प्रेफरन्सेस उघडून लँग्वेज प्रेफरन्सेसची खूण काढा. पायरी २ चा गुण दोन दिवसांत गेला तर पहिला संशय इथे घ्या.

टॅबकी

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) जाऊन यूकेची नोंदच उडवा की. एचकी करंट यूजर › कीबोर्ड लेआउट › प्रीलोड. तिथे १, २, ३ अशा नावांच्या नोंदी असतात आणि किंमत आठ आकडी. शेवटचे चार ०४०९ म्हणजे यूएस, ०८०९ म्हणजे यूके, ४००९ म्हणजे इंग्लिश इंडिया. ०८०९ वाली काढा, उरलेल्यांची नावं पुन्हा १ पासून सलग करा. साइन-इनच्या पडद्यासाठी तेच एचकी यूजर्स › डॉट डिफॉल्ट खाली.

अर्धविराम

@टॅबकी, माहिती बरोबर, पण क्रम उलटा. आधी सेटिंग्जमधून करावं. प्रीलोडच्या शेजारीच सब्स्टिट्यूट्स नावाची चावी (रजिस्ट्रीतला कप्पा) असते आणि खरी मेख तिथे असू शकते : प्रीलोडमध्ये ०८०९, आणि सब्स्टिट्यूट्समध्ये ०८०९ च्या जागी ०४०९ वापरा अशी नोंद. म्हणजे नाव यूकेचं, बटणं यूएसची. अशा वेळी नुसती प्रीलोडची ओळ उडवली तर चालू असलेला बरोबर लेआउटच हातचा जातो. हात घालायचाच असेल तर कीबोर्ड लेआउट ही पूर्ण चावी आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

शिफ्टलॉक

"मधूनच" उगवतो म्हणताय, म्हणजे बहुधा डावा ऑल्ट + शिफ्ट चुकून दाबला जातोय. विंडोजमध्ये भाषा बदलायची ती जुनी जोडी आहे, कंट्रोल + शिफ्ट ही एकाच भाषेतले लेआउट बदलायची. मजकूर निवडताना किंवा संपादकातले शॉर्टकट मारताना दोन्ही सहज लागतात. टायपिंग › ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज › इनपुट लँग्वेज हॉट कीज › चेंज की सीक्वेन्समध्ये दोन्ही रकाने नॉट असाइन्ड करा. विंडोज बटण + स्पेस तरीही चालू राहतं, आणि ते चुकून दाबलं जात नाही.

त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवायचा पर्याय आहे. मराठी-इंग्रजी आलटून-पालटून लिहिणाऱ्याला तो सोयीचा. पण ज्याला आपण कुठल्या खिडकीत कुठली भाषा ठेवली हे आठवत नाही, त्याने बंदच ठेवावा.

मराठीसाठी : मराठी भाषा यादीत घातली की तिच्याखाली इनस्क्रिप्टच्या (भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट) धर्तीचा मराठी कीबोर्ड मिळतो, आणि विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही (उच्चारानुसार टाइप करायचा) आहे. दोन्ही ठेवून गोंधळ घालू नका, एकच ठेवा. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि हलन्त इंग्रजी डीच्या जागी. "दुसऱ्या"मधला ऱ्य कुठे शोधायचा असं नवशिके हमखास विचारतात : शिफ्ट + जे ने ऱ, मग डी, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा य (शिफ्टशिवाय).

मेनूबार

मॅकचं सांगतो. § येतंय कारण मॅकने तुमचा कीबोर्ड युरोपीय घडणीचा समजला आहे. अशा कीबोर्डवर डाव्या शिफ्टशेजारी एक जादा बटण असतं, ` तिकडे सरकतं आणि १ च्या डावीकडे § येतो. तुमच्याकडे ते जादा बटणच नाही, त्यामुळे ` गायब झाल्यासारखा वाटतो. इथे लेआउट बदलून काही होणार नाही. बदलायचा आहे तो कीबोर्डचा प्रकार.

कीबोर्ड जोडलेला असताना सिस्टिम सेटिंग्ज › कीबोर्डमध्ये चेंज कीबोर्ड टाइप दिसेल. दिसत नसेल तर फाइंडरमध्ये सिस्टिम › लायब्ररी › कोअरसर्व्हिसेस या फोल्डरातलं कीबोर्ड सेटअप असिस्टंट थेट चालवा. तो आधी डाव्या शिफ्टच्या लगेच उजवीकडचं बटण दाबायला सांगतो, मग उजव्या शिफ्टच्या लगेच डावीकडचं. म्हणजे तुमच्या कीबोर्डवर झेड आणि मग / चं बटण. शेवटी एएनएसआय (अमेरिकी घडण) निवडा. घाईत भलतंच बटण दाबलं तर पुन्हा युरोपीय ठरवतो, तेव्हा सावकाश.

कमांड-ऑप्शनची अदलाबदल हा बिघाड नाही. पीसीच्या कीबोर्डवर स्पेसबारला लागून ऑल्ट आणि त्यापलीकडे विंडोज बटण. मॅकवर स्पेसबारला लागून कमांड आणि त्यापलीकडे ऑप्शन. मॅक विंडोज बटणाला कमांड मानतो. कीबोर्ड › कीबोर्ड शॉर्टकट्स › मॉडिफायर कीज इथे जा, आणि वरच्या सिलेक्ट कीबोर्डमध्ये आधी बाहेरचा कीबोर्ड निवडा. मग ऑप्शनला कमांड आणि कमांडला ऑप्शन नेमा. वरची निवड विसरलात तर लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डची बटणं उलटी होतात आणि बाहेरचा आहे तसाच राहतो.

लेआउटची यादी : कीबोर्ड › टेक्स्ट इनपुट › इनपुट सोर्सेस › एडिट, मग अधिकचं चिन्ह. यूएस छपाईला यूएस किंवा एबीसी चालेल. कधी ब्रिटिश छपाईचा विंडोजचा कीबोर्ड जोडलात तर ब्रिटिश नव्हे, ब्रिटिश – पीसी घ्या. नुसत्या ब्रिटिशमध्ये ॲपलच्या छपाईप्रमाणे शिफ्ट-२ ला @ येतो. मराठीला देवनागरी किंवा देवनागरी – क्वर्टी यांपैकी एक घ्या.

अदलाबदलीला कंट्रोल + स्पेस. प्रोग्रॅमिंगच्या संपादकांत हीच जोडी नाव पूर्ण करायला वापरतात आणि दोघांची झटापट होते. शॉर्टकट्सच्या इनपुट सोर्सेस विभागात तिची खूण काढून ग्लोब बटणाला काम द्या. मात्र ग्लोब बाहेरच्या पीसी कीबोर्डवर नसतो, तिथे या विभागात दुसरी जोडी नेमावी लागेल.

पासवर्डच्या चौकटीत मॅक देवनागरीला हातच लावू देत नाही, मेनूत ती फिकी दिसते. ते मुद्दाम केलेलं आहे.

रूटमूळ

उबुंटूबद्दल. सेटएक्सकेबीमॅप हा एक्सच्या (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) जमान्यातला आदेश आहे. तुमचं सत्र वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा) चालतंय, म्हणून तो फक्त एक्सवेलँड या पुलावरून चालणाऱ्या जुन्या ॲप्सना लागू होतो. काही खिडक्यांत लागतो, काहींत नाही, याचं कारण एवढंच. आणि तो कुठेही लिहून ठेवला जात नाही, म्हणून रीस्टार्टला पुसला जातो. तो आदेश विसरून जा.

तुमच्या मशीनवर तीन वेगळ्या जागा आहेत.

डेस्कटॉप : सेटिंग्ज › कीबोर्ड › इनपुट सोर्सेस. इंग्लिश (यूएस) घाला, ओढून सर्वांत वर आणा, यूके काढा. सुपर + स्पेसने अदलाबदल.

लॉगिनचा पडदा आणि नुसतं कन्सोल (खिडक्यांशिवायचा मजकुराचा पडदा) : ही सेटिंग ईटीसी › डिफॉल्ट › कीबोर्ड या फाइलीत. हाताने लिहिण्यापेक्षा सुडो लावून डीपीकेजी-रीकॉन्फिगरला कीबोर्ड-कॉन्फिगरेशन हे पॅकेज द्या, तो प्रश्न विचारत नेतो : मॉडेल जेनेरिक १०४-की, देश इंग्लिश (यूएस), प्रकारही साधा इंग्लिश (यूएस), उजव्या ऑल्टबद्दल डिफॉल्ट.

डिस्कचा पासफ्रेज : इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. त्या वेळी तुमची डिस्क उघडलेलीच नसते, त्यामुळे वरची फाइल वाचणार कोण? तिची प्रत इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणारा छोटा फाइलसंच) बांधलेली असते आणि ती इन्स्टॉलच्या वेळची किंवा शेवटच्या कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेटच्या वेळची असते. म्हणून सुडोने अपडेट-इनिटरॅमएफएस हा आदेश डॅश यू सह चालवा. सगळ्या कर्नलांसाठी हवा तर पुढे डॅश के ऑल. मगच रीस्टार्ट.

थांबा, रीस्टार्टच्या आधी हे तपासा. आजवर तुम्ही पासफ्रेज ब्रिटिश लेआउटवर टाकताय. त्यात @ " # £ ~ \ | यांपैकी काही असेल तर लेआउट बदलल्यावर तेच बटण दाबून वेगळं चिन्ह जाईल आणि डिस्क उघडणार नाही. बोटांना काय सवय आहे ते बघू नका, प्रत्यक्षात कुठलं चिन्ह साठवलं गेलंय ते बघा. सुरक्षित मार्ग म्हणजे लक्सच्या (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) दुसऱ्या कप्प्यात नुसती अक्षरं आणि अंक असलेला जादा पासफ्रेज आधी घालून ठेवायचा. क्रिप्टसेटअपच्या लक्सॲडकी या उपआदेशाने होतं, जुना पासफ्रेज शाबूत राहतो. इंग्रजी अक्षरं आणि अंक यूएस-यूके दोन्हीत त्याच जागी आहेत, त्यामुळे तो या दोन्ही लेआउटवर चालेल. ग्रब (बूटचा मेनू) आणि बहुतेक बायोसही (सिस्टिम चालू होण्याआधीचा मशीनचा प्रोग्रॅम) यूएसच धरून चालतात, तिथल्या पासवर्डांनाही हाच नियम लावा.

फाइल हाताने लिहिणार असाल तर दोन खड्डे आहेत. ग्राफिकल बाजूला ब्रिटिशचा कोड जीबी आहे, कन्सोलच्या नकाशांत मात्र यूके. एकाचा कोड दुसरीकडे टाकला की तो सापडत नाही. दुसरा खड्डा स्वल्पविरामाचा : लेआउटच्या ओळीत दोन लेआउट लिहिले असतील तर व्हेरिएंटच्या (लेआउटचा उपप्रकार) ओळीतही तितकेच रकाने लागतात. यूएसला व्हेरिएंट नसेल तर ती ओळ स्वल्पविरामानेच सुरू झाली पाहिजे, नाहीतर मराठीचा व्हेरिएंट यूएसला जाऊन चिकटतो.

मराठी : इनपुट सोर्सेसच्या यादीत मराठीचा कगप फोनेटिक आहे, तो काही न बसवता चालतो. रोमनमध्ये उच्चार लिहून मराठी हवी असेल तर आयबस-एम१७एन हे पॅकेज बसवून लॉग-आउट करून परत या. मग यादीत मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट असे पर्याय येतात. गमभनची (मराठी टायपिंगची एक पद्धत) सवय असलेल्यांसाठी गमभनही आहे.

पिंगपाँग

रिमोट डेस्कटॉपचं कुणी सांगितलं नाही म्हणून.

आरडीपी (रिमोट डेस्कटॉपची पद्धत) जोडणी करताना तुमच्याकडचा त्या क्षणी चालू असलेला लेआउट पलीकडे कळवते आणि पलीकडचं विंडोज तो सत्रात लोड करतं, यादीत असो वा नसो. तुमच्याकडे यूकेचं भूत आहे, तेच तिकडे जातंय. भूत काढलंत की बहुधा तिकडचंही थांबेल.

पलीकडच्या मशीनने आपलाच लेआउट वापरावा अशी सक्ती करायची असेल तर पलीकडच्या रजिस्ट्रीत : एचकी लोकल मशीन › सिस्टिम › करंटकंट्रोलसेट › कंट्रोल › कीबोर्ड लेआउट. तिथे इग्नोअर-रिमोट-कीबोर्ड-लेआउट या नावाची, मधली जागा व डॅश न ठेवता, डीवर्ड (आकड्याची) नोंद करून किंमत १ द्या. मशीन रीस्टार्ट करा.

बाकीच्या साधनांची तऱ्हा वेगळी. एसएसएचमधून (दूरच्या मशीनवर टर्मिनल उघडायचं साधन) तयार अक्षरंच जातात, तेव्हा सर्व्हरवर कीबोर्डची सेटिंग बदलून उपयोग नाही. जे काही करायचं ते तुमच्या मशीनवर. व्हर्च्युअलबॉक्ससारखं (संगणकात दुसरा संगणक चालवणारं) साधन बटणाचा क्रमांक आत पाठवतं, म्हणजे आतल्या सिस्टिमला लेआउट स्वतंत्र लावावा लागतो आणि बाहेरचा बदलल्याने आत काही फरक पडत नाही. व्हीएनसी (दूरच्या मशीनचा पडदा दाखवणारं साधन) साधारणपणे चिन्ह पाठवतं आणि पलीकडे ते कुठल्या बटणावर आहे हे उलटं शोधतं. दोन्हीकडचे लेआउट वेगळे असले की | आणि ~ तिथेच हरवतात.

खटखट_१०४

सर्वांचे आभार. विंडोजमध्ये पायरी २ आणि ३ नंतर यूके गेला, साइन-इनच्या पडद्यावरही यूएस आहे. ऑल्ट + शिफ्टही काढून टाकलं. मॅकवर एएनएसआय निवडताच ` परत आला. उबुंटूत जादा पासफ्रेज घालून मगच इनिटरॅमएफएस बांधलं. बूटला यूएस लागतोय आणि दोन्ही पासफ्रेज चालतात.

फक्त रिमोट डेस्कटॉपवर अजून यूके दिसतोय. इकडे भूत नाही, तरी तिकडे आहे. रजिस्ट्रीला हात लावायचे अधिकार त्या मशीनवर नाहीत.

पिंगपाँग

तुम्ही खिडकी बंद करून परत जोडताय ना? त्याने सत्र नुसतं डिस्कनेक्ट होतं, संपत नाही. यूके लोड झालेलं जुनंच सत्र परत समोर येतं. आत जाऊन कामं सेव्ह करा, स्टार्टमधून साइन-आउट करा, मग इकडे टास्कबारवर यूएस असल्याची खात्री करून नव्याने जोडा. रजिस्ट्रीची गरज पडू नये.